मुकी पट्टी

४ जानेवारी

प्रिय बारक्या,

माझं अक्षर बघून दचकला असशील. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि चौथ्या मिनिटाला तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस. पत्रात निदान माझं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझे ते सात तुकडे मला हवेत.

झालंय असं की कंपनीला माझ्याकडून आणखी एक रेकॉर्ड हवंय. नुसतं जुनं आता कुणी घेत नाही म्हणे, आणि नुसतं नवं तर कधीच कुणी घेत नव्हतं. म्हणून जोड्या करायच्या. आधी दोनशे वर्षांपूर्वीचा एक छोटा तुकडा, आणि तो संपला की लगेच आजच्या कुणी लिहिलेला दुसरा. अशा सात जोड्या. कंपनीच्या बाईंनी नव्या लोकांची यादी दिली होती. महिनाभर सगळ्यांचं वाजवून बघितलं. एकाला मधेच पियानोच्या झाकणावर मूठ आपटून हवी आहे. माझं वय एकोणसाठ, पियानोचंही तेवढंच असेल. आम्हा दोघांनाही आता मार सोसवत नाही.

दमलेय रे. यादी संपेपर्यंत रोज संध्याकाळी वाटायचं की नाही म्हणून कळवून टाकावं. मग एक दिवस तुझी आठवण झाली. बावीस वर्षांचा असताना तू घरच्या पियानोवर बसून सात तुकडे लिहिले होतेस, मला पाठवले होतेस आणि मी ते परत केले होते. तू फाडले नसशील. फाडणाऱ्यातला तू नाहीस, तू साठवणारा आहेस.

रेकॉर्डिंग एप्रिलमध्ये आहे. लवकर पाठव.

ताई


१६ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपलं पत्र पावलं. आपण आमची आठवण काढलीत, आनंद झाला.

तुकडे आहेत. त्यांच्यासोबत तू पाठवलेली चिठ्ठीही आहे. 'छान आहे, पण जरा गोड आहे. अजून काम कर.' एवढीच. बत्तीस वर्षांत ती मी पुन्हा उघडून वाचलेली नाही. वाचायची गरजच पडली नाही.

त्यानंतर मी काही लिहिलं नाही. दोष देत नाही, नुसतं सांगतोय. लिहिणं सोडलं, पियानो लावायला शिकलो आणि ट्यूनर झालो. काल एका शाळेच्या हॉलमध्ये होतो. पियानो उघडला तर आत अकरा पेन्सिली, एक फूटपट्टी आणि कुणाचं तरी प्रगतिपुस्तक निघालं, बहुधा घरी दाखवायचं नसलेलं. परवा एका हॉटेलात होतो. तिथला वाजवणारा स्वतः चुकतो आणि मला फोन करतो, 'साहेब, पियानो उतरलाय.' नाचता येईना अंगण वाकडं. आयुष्यभर मी लोकांची अंगणं सरळ करत फिरतोय. गुडघे आता सतत बोलतात आणि मला त्यांच्याशी बोलायचा कंटाळा येतो.

तू हे दयेपोटी करत असशील तर करू नकोस. धाकट्या भावाचं काही राहून गेलं, आता म्हातारपणी त्याला जरा मिरवून घेऊ, असलं काही मला नको. कागद पाठवणारच नव्हतो. पण ही म्हणाली, "बत्तीस वर्षं कपाटात जपून काय त्यांना पिल्लं होणारेत?" म्हणून सोबत पाठवतोय.

आपला आज्ञाधारक बंधू


३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

'तीर्थस्वरूप' वाचलं आणि समजले, स्वारी रागावलीय. तू खूश असतोस तेव्हा मला साधी हाकही मारत नाहीस.

दया वगैरे काही नाही. दया करायला अंगात जोर लागतो, तो माझ्याकडे उरलेला नाही.

रोज सकाळी दोन तास तुझे कागद घेऊन बसते. चांगले आहेत. चौथा आणि सातवा तर फारच. तेव्हा मला हे का दिसलं नाही, माहीत नाही. सत्तावीस वर्षांची होते, दर आठवड्याला नव्या गावात वाजवत होते. दिसण्याइतकी एका जागी बसतच नव्हते, असं समज.

पण एक गोष्ट मला आजही खटकते. तुझे हात फिरून फिरून एकाच सुरावर येऊन बसतात. मधल्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी. तिसऱ्या तुकड्यात तर दर ओळीच्या शेवटी. तो सूर आला की सगळं आयतं गोड होतं, पाहुणे आल्यावर मुलांनी शहाण्यासारखं हसावं तसं. ते सूर मी काढले तर चालतील का? निदान तिसऱ्यातले आणि सहाव्यातले? तू हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही.

मी वाजवलेलं रेकॉर्ड करून सोबत पाठवतेय. ऐक आणि कळव. भांडायचं असेल तरी पत्रातच भांड.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तीन वेळा ऐकलं. दोनदा एकट्याने, एकदा हिच्यासोबत. हिला आवडलं. मला काहीच कळेना.

तू त्यात एक सूर घालतेस. काढायचं काय विचारतेस, आधी घातलासच कशाला? मी तिथे काही ठेवलेलं नाही. हात तिथे येतो, आणि तिथे मोकळं असतं. ते मोकळं आहे म्हणून पुढची ओळ सुरू होते. तू तिथे सूर वाजवल्यावर पुढच्या ओळीला यायचं कारणच उरत नाही. सातही तुकड्यांत तेच केलंयस. बत्तीस वर्षांपूर्वी गोड म्हणालीस, आता स्वतःच साखर घालून पुन्हा गोड म्हणतेस.

आणखी एक. ऐकण्यावर माझं पोट आहे, म्हणून विचारतो. तुझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मागे पडतंय. प्रत्येक वेळी नाही, पण दुसऱ्या पानापासून पडतं. काय झालंय?

बारक्या


१९ फेब्रुवारी

बारक्या,

पान दुसरं, ओळ तिसरी, शेवटचा सूर. तुझं अक्षर, तुझी शाई. तसाच तिसऱ्या तुकड्यात सोळा वेळा आणि सातव्यात चाळीस वेळा. मी मोजलेत. झेरॉक्स पाठवतेय, चष्मा लावून बघ. स्वतः लिहायचं आणि माझ्या नावावर खपवायचं, ही तुझी सवय लहानपणापासूनची आहे.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

आहे. माझंच अक्षर आहे.

झेरॉक्स आली तेव्हा मी जेवत होतो. तसाच उठलो आणि घरच्या पियानोवर तिसरा तुकडा वाजवला. कागदावर आहे तसा, एक सूर न गाळता. ओळीच्या शेवटी करंगळीशेजारचं बोट सहाव्या पट्टीवर गेलं, पट्टी खाली गेली, आणि आतून लाकडाचा 'टक' असा आवाज आला. बाकी काही नाही. मग मी तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिलो. ही दोनदा येऊन बघून गेली.

ताई, ती पट्टी मुकी आहे. बाबांनी हा पियानो सेकंडहँड आणला तेव्हापासून. त्या सुराच्या तारांवर आपटणाऱ्या हातोडीचा दांडा मोडलेला होता. शाळेत संगीत शिकवणारा माणूस, पण दुरुस्त करू दिला नाही. म्हणायचे, "आहे त्यात वाजवा." आणि गंमत बघ, आम्ही ट्यूनर लोक ज्या एका सुरावरून बाकीचे सगळे लावतो, तोच हा सूर. आमच्या पियानोत तोच नव्हता, म्हणून मी तो डोक्यात धरून ठेवायला शिकलो. त्यावर तीस वर्षं घर चाललं. गावभरचे पियानो मी दुरुस्त करतो आणि आमच्याकडे दिव्याखाली अंधार. बाबा होते तोवर त्यांनी हात लावू दिला नाही, नंतर माझा हात धजला नाही.

बावीस वर्षांचा होतो. हात जे करत होता ते कागदावर लिहिलं. कान काय ऐकत होता ते लिहायचं सुचलं नाही. माझ्या कानाला तिथे 'टक' आणि मोकळी जागा होती. तुझ्या चांगल्या पियानोवर तिथे सूर वाजला. जे तुला गोड लागलं ते मी कधी ऐकलेलंच नव्हतं. बत्तीस वर्षं मी तुझ्यावर रुसलो ते भलत्याच कारणासाठी, आणि चूक माझी होती. कुणाला सांगायचीही सोय नाही.

बोटाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. म्हणून स्पष्टच विचारतो. माझे तुकडे सोपे आहेत. बोट नीट चालत नाही म्हणून घेतलेस का?

बारक्या


४ मार्च

प्रिय बारक्या,

तुझी चूक एकपट असेल तर माझी दुप्पट आहे. तू निदान त्या पट्टीसोबत राहत होतास. मी अकरा वर्षं त्याच पियानोवर शिकले आणि साफ विसरले.

तुझं पत्र वाचताना सगळं आठवलं. अठराव्या वर्षी इथे आले, पहिल्यांदा मोठ्या पियानोवर बसले आणि त्या पट्टीतून आवाज आला. मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. शिकवणाऱ्या बाई हसल्या. मी त्यांना घरचं सांगितलं नाही, लाज वाटली. मग मी ती पट्टी विसरायचं ठरवलं, आणि ठरवलेलं मी करते हे तुला माहीत आहे. तुझे कागद आले तेव्हा विसरून नऊ वर्षं झाली होती. एकदा जरी घरचा पियानो आठवला असता तरी कळलं असतं. आठवला नाही. माझ्या त्या एका ओळीने तुझं लिहिणं थांबलं. मला त्याचं फार वाईट वाटतंय. याहून नीट लिहिता येत नाही.

आता बोट. हो. आधी सोपे म्हणूनच घेतले. खोटं बोलायलासुद्धा दम लागतो, म्हणून खरं सांगतेय. गेल्या वर्षापासून ते बोट बधिर होतंय. कोपरातली नस दाबली गेलीय, ऑपरेशनने बरं होईल किंवा होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. याला सल्ला म्हणत असतील तर तो मीही देऊ शकते. हे रेकॉर्ड माझं शेवटचं. कंपनीला माहीत नाही, तुला पहिल्यांदा सांगतेय.

पण आता सोपेपणाचा प्रश्न उरलेला नाही. मी जुने तुकडे सगळेच्या सगळे बदलले. ज्यांच्यात तोच सूर मुख्य आहे, जे त्या सुरावर येऊन संपतात, असे सात शोधले. त्यातले चार मला नव्याने बसवावे लागतील. जुन्यात ऐकणाऱ्याचा कान त्या सुराला सोकावेल, त्याच अपेक्षेने तुझ्यात येईल, आणि तिथे 'टक'. जोडी ही अशी हवी. एवढी वर्षं रेकॉर्ड केली, पण पुढच्या सुराची वाट बघावी असं फार दिवसांनी वाटतंय.

मला ट्यूनर हवाय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तो सूर बंद करणारा आणि पुन्हा चालू करणारा. गुडघ्यांना विचार आणि ये.

ताई


२१ एप्रिल

बारक्या,

तू निघून गेलास त्याला आठवडा झाला. पाच दिवसांत तू चार वाक्यं बोललास, त्यातली दोन जेवणाबद्दल होती. म्हणून पुन्हा पत्र.

राग आला होता. आता नाही. तू प्रत्येक जोडीत पियानोत वाकून त्या सुराच्या तिन्ही तारांतून जाड लोकरी नमद्याची पट्टी ओवून त्याचा आवाज बंद करायचास, पुढच्या जोडीच्या आधी काढायचास, पुन्हा सूर तपासायचास. रेकॉर्डिंगवाला डोकं धरून बसला होता. "आधी सगळे जुने घेऊ, मग सगळे नवे, एका दिवसात होईल." मी ऐकलं नाही. जुना सूर कानात असतानाच मला त्या मोकळ्या जागेत जायचं होतं. त्यापायी तुझी कंबर गेली आणि माझा हात. सहा जोड्या झाल्या, त्यांच्यावर मी खूश आहे.

सातव्या जोडीतला जुना झाला. तुझा सातवा अकरा वेळा वाजवला. बोट उठेना. बाराव्या वेळी तू बूथमधून बाहेर आलास, माझ्या हातांवरून हळूच झाकण लावलंस आणि "पुरे" म्हणालास. इतक्या वर्षांत माझ्या हातांवर कुणी झाकण लावलं नव्हतं. म्हणून ओरडले. बाबांसारखी ओरडले, मलाच ऐकू आलं.

आता ऐक. कंपनी म्हणते सातवा नवा सोडून द्या, सहा जोड्या आणि शेवटी एक जुना. मला ते चालणार नाही. तुझ्या सातमधला सगळ्यांत चांगला तोच आहे, आणि तो बाहेर ठेवायची चूक मी दुसऱ्यांदा करणार नाही. तो तू वाजव. घरच्या पियानोवर. तिथे नमदा ओवायची गरज नाही. रेकॉर्डिंगवाला दहा मेला दोन माइक घेऊन तुझ्या दारात येईल. नाही म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडावर म्हण. तो भला माणूस आहे, तुला जमणार नाही.

ताई


१५ मे

ताई,

नाही म्हणणारं पत्र लिहून तयार होतं. हिने ते टपालात टाकलंच नाही. उशीखाली सापडलं.

तो आला. दोन माइक, सहा वायरी आणि एक डबा घेऊन आला. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. हिने फ्रिज बंद केला, तो संध्याकाळपर्यंत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, दूध नासलं. शेजारच्या कुत्र्याला शेजारी फिरायला घेऊन गेले.

पहिल्या दोन वेळा मी मधेच चुकलो, आणि तो बिचारा "मशीन अडकलं" म्हणाला. मशीनला काही झालं नव्हतं. तिसऱ्या वेळी शेवटपर्यंत गेलो. चौथ्या वेळी वाजवताना विसरलो की तो तिथे आहे. संपल्यावर त्याने हात वर करून थांबायची खूण केली, आणि आम्ही तिघंही खोली गप्प होईपर्यंत हललो नाही. मग तो म्हणाला, "ते टक टक राहू दे ना?" मी म्हटलं, "तेच तर लिहिलंय."

बत्तीस वर्षांत माझं माझ्यासमोर बसून कुणी ऐकलं नव्हतं. ही ऐकते, पण ती भाजी चिरता चिरता ऐकते. बरं वाटलं, ताई. आणि खूप दमल्यासारखं वाटलं, ओझं उतरवल्यावर खांदे दुखतात तसं.

आता काम झालं. पियानो अजून उघडाच आहे. नवा दांडा आहे, चिकटवायला सरस आहे, हातोडी आहे. वीस मिनिटांचं काम. बाबा नाहीत, तुकडे रेकॉर्ड झाले, हल्ली गल्लीतली मुलं माझ्याकडे शिकायला येतात त्यांना तो सूर लागतो. बसवून टाकू का? तू सांग. तुझाही पियानो आहे.

बारक्या


२ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

साडेतीन महिने उत्तर दिलं नाही. ऑपरेशन करून घेतलं. तुला कळवलं असतं तर तू गुडघे घेऊन आला असतास. हे अक्षर असं का आलंय, ते आता कळलं असेल. पूर्ण बरं होईल असं डॉक्टर आता म्हणत नाहीत. बोट खाली जातं, पण त्यात जोर येत नाही. पट्टी दाबली जाते आणि सूर उमटत नाही.

रेकॉर्ड आलं. चार प्रती वेगळ्या पाठवल्यात. मागच्या बाजूला तुझं पूर्ण नाव आहे, सात ठिकाणी संगीतकार म्हणून, एके ठिकाणी वादक म्हणून आणि खाली बारीक अक्षरात ट्यूनर म्हणून. तुझ्या बायकोला दाखव आणि त्या दिवशी तिला भाजी चिरू देऊ नकोस.

एका वर्तमानपत्रात छापून आलंय की रेकॉर्ड चांगलं आहे, पण शेवटच्या तुकड्यात कुठेतरी ठोकल्याचा आवाज येतो, असा निष्काळजीपणा अक्षम्य आहे. कंपनीच्या बाई घाबरून माझ्याकडे आल्या. विचारत होत्या की पुढच्या प्रतींतून तो आवाज काढता येईल का. मी त्यांना समोर बसवून सातवी जोडी पूर्ण ऐकवली. संपल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "आमच्या घरी जिन्याची एक पायरी अशीच वाजायची." काढायचं पुन्हा बोलल्या नाहीत.

मी इथलं सगळं आवरतेय. माझा मोठा पियानो एका शिकवणाऱ्या मुलीकडे गेला. येत्या रविवारी सकाळी सव्वानऊच्या गाडीने येतेय, परतीचं तिकीट काढलेलं नाही. फोनवर भांडत होतो, आता समोरासमोर भांडू. तुझा सातवा मला शिकव. हळूहळू, आणि बाबांसारखा न ओरडता.

हातोडी बसवली नसशील तर बसवू नकोस. बसवली असशील तर काढून ठेव. माझं बोट आता फक्त त्या एका पट्टीवर बरोबर पडतं. नाचता येईना त्याला अंगण वाकडं म्हणतात, असं तूच लिहिलं होतंस. सगळ्या जगात मला एकच अंगण माहीत आहे जे खरोखर वाकडं आहे. ते सरळ करू नकोस.

ताई